पहिला फोटो-व्हिडिओ: वीस फोटो, तीन मिनिटं

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, आणि जिथे जिथे मराठी बोलणारी घरं आहेत तिथल्या सगळ्यांना महूहून रामराम.

आज युद्धाची गोष्ट नाही. आज मी क्लासचा गृहपाठ कसा केला ते सांगणार आहे. हसू नका. माझं वय सहासष्ट. सैन्यात सिग्नल्समध्ये नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर इथेच महूला घर केलं. या मालिकेचे सुरुवातीचे भाग माझ्या भाच्याने जोडून दिले. पण प्रत्येक वेळी त्याला फोन करायचा, तो ऑफिसातून आल्यावर बघणार, हे मला पटेना. म्हणून गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. वर्गात बारा जण, त्यातले दहा विशीच्या आतबाहेरचे. शिकवणारे सर माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. ते मला अंकल म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो. तिथे रँक त्यांची मोठी.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी गृहपाठ दिला. वीस फोटो, तीन मिनिटं, एक गोष्ट. मला वाटलं, रविवारी सकाळी बसून संपवू. लागले अठरा दिवस. का लागले, आणि तुम्हाला इतके का लागू नयेत, ते आता क्रमाने सांगतो.

स्लाइड म्हणजे काय होतं

आमच्या तरुणपणी स्लाइड हातात धरता येत असे. पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या दोन इंची चौकटीत बसवलेला 35 मिलिमीटर फिल्मचा एक तुकडा, चित्राचं माप 36 बाय 24 मिलिमीटर. ती प्रोजेक्टरमध्ये उलटी घालायची, तेव्हा पडद्यावर सुलटी दिसायची. व्याख्यानाच्या वेळी एखादी स्लाइड सुलटी घातली गेली की पडद्यावर डोंगर वर आणि आकाश खाली, की सगळा हॉल जागा होई. त्या काळी एक गोष्ट आपोआप होत असे. स्लाइड महाग, ट्रेमध्ये जागा मोजकी, म्हणून माणूस विचार करून निवडायचा. आता फोनमध्ये चार हजार फोटो असतात आणि निवडायचा कंटाळा येतो. म्हणून पहिलं काम कॉम्प्युटर बंद ठेवून करायचं.

आधी एक वाक्य लिहा

आपला व्हिडिओ कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिहा. "माझं सैन्यातलं आयुष्य" हे वाक्य चालत नाही, ती तर सगळी पेटी झाली. मी तीन वेळा खोडलं आणि शेवटी लिहिलं: "1987 च्या हिवाळ्यात लडाखमध्ये आमची लाइन पार्टी टेलिफोनची तार चालू कशी ठेवायची." आता या वाक्यात न बसणारा प्रत्येक फोटो बाहेर. पदक घेतानाचा माझा फोटो बाहेर. बायकोला वाईट वाटलं, मलाही थोडं वाटलं. पण चाळण लागल्याबरोबर दोनशे फोटोंचे एकतीस झाले.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा मोबाइल नव्हते. वायरलेस होतं, पण टेलिफोनची तारही असे, आणि ती बर्फाने, वाऱ्याने, दरड कोसळून तुटत असे. झोजी-ला हिवाळ्यात बंद झाला की रस्त्याने बाहेरून काही येत नसे. तार तुटली की चार-पाच माणसांची पार्टी निघायची, तुटलेली जागा शोधायची आणि उघड्या बोटांनी जोड मारायची. हातमोजे घालून तो जोड बसत नाही. वृत्तपत्रात येत नाही अशी ही नोकरी.

जुने फोटो कॉम्प्युटरमध्ये कसे आणायचे

माझे फोटो साडेतीन बाय पाच इंचाच्या कागदावरचे, चिकट पानांच्या अल्बममध्ये बसलेले. ते ओढून काढू नका, मागचा थर फाटतो. शिवणकामाचा मजबूत दोरा किंवा दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा फिरवा. तरी सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा.

स्कॅन करताना यंत्र विचारतं, डीपीआय किती? म्हणजे एका इंचात किती ठिपके. माझा पाच इंच रुंद फोटो 300 वर स्कॅन केला तर 1500 ठिपके मिळतात. आपला व्हिडिओ 1920 रुंद आणि 1080 उंच ठिपक्यांचा असतो, म्हणजे फोटो ताणावा लागणार आणि धुरकट दिसणार. 600 वर केला तर 3000 बाय 2100 मिळतात. ते पुरतात, आणि एखाद्या चेहऱ्याजवळ जायचं असेल तरी चालतं. हा 600 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं एक काम आहे.

स्कॅनर नसेल तर फोनने फोटोचा फोटो काढा. खिडकीशेजारी, उन्हात नाही, फ्लॅश बंद, फोन फोटोला अगदी समांतर. तिरका धरला की आयताचा पतंग होतो.

मग फाइलींना नंबर द्या: 01, 02, 03. नुसता 1, 2, 3 दिला तर काही सॉफ्टवेअर 1 नंतर 10 आणि मग 2 लावतात.

काय दाखवायचं नाही

एकतीस फोटोंतले चार मी वेगळ्या कारणाने काढले. एकात मागे भिंतीवर नकाशा होता. दुसऱ्यात उपकरणं स्पष्ट दिसत होती. दोनांत चौकीची जागा ओळखू येईल अशी. पस्तीस वर्षांहून जुनी गोष्ट आहे, आता काय बिघडतंय, असं म्हणता येईल. पण काय बिघडतं हे ठरवणारा मी नव्हे. माजी सैनिकांना माझी विनंती आहे: शंका आली तर फोटो बाहेर ठेवा. नकाशा धूसर करून फोटो वापरायच्या भानगडीत पडू नका.

सैन्यात नसलेल्यांनाही हा नियम लागू आहे. फोटोत घराचा पत्ता, गाडीचा नंबर, शाळेच्या गणवेशातलं दुसऱ्याचं मूल दिसतंय का ते बघा.

अकरा नंबरचा फोटो

आता जिथे माझे दिवस गेले ते सांगतो. अकरा नंबरच्या फोटोत चार माणसं वन-टन गाडीच्या आडोशाला चहा पिताहेत. स्टोव्हची वाफ, मागे बर्फ, आणि डावीकडून चौथा माणूस मान मागे टाकून हसतोय. फोटो मीच काढलेला. खाली मी ओळ लिहिली होती: "माझे सहकारी."

वर्गात माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची एक मुलगी बसते. तिने स्क्रीनकडे बघून विचारलं, "अंकल, ये चौथे वाले कौन हैं? कितना अच्छा हँस रहे हैं."

मी पहिल्या तिघांची नावं सांगितली. चौथ्याचं नाव आठवेना. चेहरा आठवत होता, खांबावर चढायची पद्धत आठवत होती, चहात तो साखर किती घालायचा ते आठवत होतं. नाव नाही. जो माणूस वर्षभर माझ्या हुकमावर बर्फात गेला, त्याचं नाव मला येत नव्हतं, आणि ते झाकायला मी "सहकारी" हा शब्द वापरला होता. मुलीला ते कळलं नाही. मला कळलं.

रात्री आमच्या तेव्हाच्या सुभेदार साहेबांना फोन लावला. ते आता सातारा जिल्ह्यात गावी असतात, वय ऐंशीच्या पुढे. मी फोटोचं वर्णन पूर्ण करण्याआधीच त्यांनी नाव सांगितलं, नंबरासकट. मग म्हणाले, "साहेब, तो गेला की. 1993 ला. सुट्टीवर आला होता, मोटारसायकलचा अपघात झाला. तुमची बदली झाली होती तोवर. आपल्याच जिल्ह्यातला होता. वहिनी आहेत, मुलगा आहे. नंबर देतो."

फोन करायला मला दोन दिवस लागले. मी म्हटलं, "वहिनी, मी अमुक साहेब बोलतोय, लडाखला आम्ही एकत्र होतो. माझ्याकडे यांचा एक फोटो आहे. क्लासमध्ये पंधरा माणसांसमोर दाखवायचा आहे. तुमची परवानगी असेल तरच दाखवीन."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "कसा आहे फोटो?"

मी म्हटलं, "चहा पिताहेत. हसताहेत."

"हसताना?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं वर्दीतला एकच हाय, भरतीच्या टायमाचा. त्यात डोळं वटारल्यात नुसतं. दाखवा साहेब. पर नाव पुरं लिवा, वडिलांच्या नावासकट. आन तो फोटो आम्हाला मिळंल का?"

तर मंडळी, तो 600 चा आकडा इथे कामाला आला. 3000 बाय 2100 ठिपक्यांच्या फोटोची दहा बाय सात इंचाची स्वच्छ प्रत निघते. दोन प्रती काढल्या, मध्ये जाड पुठ्ठा घातला, आणि स्पीड पोस्टाने पाठवल्या.

यात शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. परवानगी कशासाठी घेतली तेवढीच ती असते. मी वर्गापुरती मागितली होती. म्हणून इथे, तुमच्यासमोर, मी नाव सांगत नाही आणि तो फोटोही दाखवत नाही.

तीन मिनिटांचा हिशोब

आता हिशोबाकडे. तीन मिनिटं म्हणजे 180 सेकंद. सुरुवातीच्या नावाला 8, शेवटच्या पाटीला 12, उरले 160. वीस फोटोंना प्रत्येकी 8 सेकंद. बरोबर जुळलं, असं मला वाटलं. व्हिडिओ निघाला 2 मिनिटं 39 सेकंदांचा. 21 सेकंद गेले कुठे?

एक चित्र विरत असताना दुसरं उमटतं, तेव्हा दोन्ही चित्रं एकमेकांवर चढतात. एकूण 22 तुकडे, त्यांचे सांधे 21, प्रत्येक सांध्यात एक सेकंद गिळला गेला. मग प्रत्येक फोटो 9 सेकंदांचा केला: 180 अधिक 20, वजा 21, म्हणजे 179. फत्ते.

फोटो बदलण्याचे शंभर प्रकार सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. पान उलटणं, तारा फुटणं, चित्र गरगरत येणं. एकच घ्या, साधं विरणं, आणि सगळीकडे तेच ठेवा. फोटो हळूच मोठा होत जाण्याची युक्ती चांगली आहे, पण वीसपैकी तीन-चार ठिकाणीच वापरा. मी फक्त अकराव्या फोटोत चौथ्या माणसाकडे गेलो.

चौकट

व्हिडिओची चौकट 16 ला 9 या प्रमाणात असते. फिल्मच्या फोटोचं प्रमाण 3 ला 2. पूर्ण फोटो चौकटीत बसवला तर तो 1620 ठिपके रुंद होतो आणि दोन्ही बाजूंना 150 ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या उरतात. पट्ट्या नकोत म्हणून फोटो पसरवला की वरून डोकी आणि खालून पाय कापले जातात. मी पट्ट्या ठेवल्या. उभा फोटो असेल तर पट्ट्या 600-600 ठिपक्यांच्या होतात. तिथे दोन उभे फोटो शेजारी शेजारी लावा. पण फोटो आडवा ताणून चौकट भरू नका. बारीक माणसं जाड दिसतात, आणि घरचे नाराज होतात.

मराठी अक्षरं

हे आपल्या लोकांसाठी खास. काही व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की वेलांटी भलत्या जागी बसते आणि जोडाक्षरं फुटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेलं असेल तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. उपाय दोन. एक, युनिकोड फॉन्ट वापरा: मंगल, निर्मला किंवा नोटो सॅन्स देवनागरी. दोन, तरीही गडबड झाली तर पॉवरपॉइंटमध्ये पाटी बनवा, ती चित्र म्हणून सेव्ह करा आणि फोटोसारखी व्हिडिओत घाला. चित्रातली वेलांटी कुठे जात नाही.

अक्षरं मोठी ठेवा, एका पाटीवर फार तर दोन ओळी. स्वतः दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ पाटी ठेवा.

आवाज आणि गाणं

मला मागे एक जुनं सिनेमाचं गाणं लावायचं होतं. सरांनी नाही म्हटलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यावर 60 वर्षं राहतो. वर्गात शिकण्यापुरती कायद्याने काही सवलत दिली आहे, पण तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की यंत्र गाणं ओळखतं आणि हक्कदार आवाज बंद करू शकतो. फुकट वापरता येईल असं संगीत यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मिळतं. इंटरनेटवर सापडलेल्या फोटोंनाही हाच नियम. सापडला म्हणजे आपला झाला असं नाही.

मी शेवटी गाणं सोडलं आणि स्वतः बोललो. माझा वाचण्याचा वेग मिनिटाला साधारण 110 शब्द आहे. तुमचा घड्याळ लावून मोजा. तीन मिनिटांत 330 शब्द मावतात. मी लिहून आणले होते सातशे. कापून अडीचशे केले, म्हणजे मध्ये श्वास घ्यायला जागा राहिली. फोटोत जे दिसतं ते पुन्हा बोलू नका. "हा बर्फ आहे" असं सांगायची गरज नाही. किती थंडी होती आणि बोटं कशी बधिर व्हायची, ते सांगा.

ध्वनिमुद्रण फोनवर केलं, गाद्या-रजयांच्या खोलीत, पंखा बंद करून. पंख्याचा आवाज आपल्या कानाला येत नाही, फोनला येतो.

आदेश पोचला, पलटण मागे राहिली

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या. मी ओपनशॉट घेतलं, ते फुकट आहे. शॉटकटही फुकट आहे. विंडोज 11 मध्ये क्लिपचॅम्प मिळतं. काहीच नको असेल तर पॉवरपॉइंटमध्ये फाइल, एक्सपोर्ट, क्रिएट अ व्हिडिओ असं केलं तरी व्हिडिओ तयार होतो.

पण एक चूक करू नका. ती मी केली. सादर करायच्या दिवशी मी प्रोजेक्ट सेव्ह केला, ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात गेलो. सरांनी फाइल उघडली. एकही फोटो नाही, आवाज नाही.

सर म्हणाले, "अंकल, प्रोजेक्ट तो आ गया. फोटो कहाँ हैं?"

फोटो घरी होते. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये फोटो नसतात. कोणता फोटो कुठे ठेवलाय आणि कधी किती वेळ दाखवायचा, एवढीच त्यात नोंद असते. म्हणजे मी मूव्हमेंट ऑर्डर घेऊन पोचलो होतो आणि पलटण बराकीतच राहिली होती. तीस वर्षांहून जास्त नोकरी केलेल्या माणसाने!

म्हणून तीन नियम. पहिला, कामाच्या सुरुवातीलाच एक फोल्डर करा. फोटो, आवाज, प्रोजेक्ट, सगळं त्यातच, आणि मध्येच फोल्डर हलवू नका, त्याचं नाव बदलू नका. दुसरा, काम संपल्यावर एक्सपोर्ट करून एमपीफोर फाइल काढा. फोटो, आवाज सगळं एकत्र बांधलेली खरी व्हिडिओ फाइल तीच. 1920 बाय 1080, एच.264, सेकंदाला 25 किंवा 30 चित्रं, एवढं निवडलं की बहुतेक सगळीकडे चालतं. सेकंदाला 8 मेगाबिट ठेवले तर तीन मिनिटांची फाइल सुमारे 180 एमबीची होते. तिसरा, घरातून निघण्याआधी ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा टीव्हीवर पूर्ण चालवून बघा. आणि व्हॉट्सअॅपने पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबून बारीक केलं जातं.

सरांनी मला दोन दिवसांची मुदत दिली. सैन्यात इतकी उदारता क्वचितच पाहिली.

शेवटी

दुसऱ्या वेळी व्हिडिओ चालला. 2 मिनिटं 59 सेकंद. अकराव्या फोटोखाली आता "माझे सहकारी" नव्हतं. चार माणसांची चार पूर्ण नावं होती, वडिलांच्या नावासकट. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मुलीने चौथं नाव हळूच मोठ्याने वाचलं. सरांनी दहापैकी साडेसात गुण दिले. अडीच कापले, कारण दोन ठिकाणी माझा आवाज फोटोच्या पुढे धावत होता. निकाल योग्य होता.

आमच्या सिग्नल्सचं ब्रीद आहे "तीव्र चौकस". तार जलद जावी आणि बिनचूक जावी. आयुष्यभर मी पहिल्या शब्दाच्या मागे होतो. दुसऱ्याचा अर्थ त्या गृहपाठात नीट कळला.

मागच्या आठवड्यात साताऱ्याहून मुलाने फोनवर एक फोटो पाठवला. भिंतीवर भरतीच्या वेळचा वटारलेल्या डोळ्यांचा फोटो आहे, आणि शेजारी, नव्या चौकटीत, चहा पिणारी चार माणसं.

तुमच्याही घरात पेटीत किंवा कपाटावर अल्बम असेल. या रविवारी खाली काढा. व्हिडिओ नंतर करा. आधी फोटोतल्या माणसांची नावं, सांगू शकणारं कोणी आहे तोवर, एका कागदावर लिहून घ्या. फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहू नका, उठाव पुढे येतो. मऊ पेन्सिल वापरा.

पुढच्या भागात आवाज आणि चित्र यांचा मेळ कसा बसवायचा ते बघू. तेवढ्यात मीही ते शिकून घेतो. जय हिंद.